लोखंड्याची सहा पिसं

दसरा उलटला की माझं लक्ष रस्त्याकडेच्या बाभळींकडे जातं. हल्ली आमच्या वाशिमकडे जिकडेतिकडे सोयाबीन झालंय, कापसाच्या गाड्या पूर्वीसारख्या रांगेनं जात नाहीत. तरी एखादा टेम्पो जातोच आणि जाता जाता बाभळीच्या काट्यांना पुंजके लावून जातो. सकाळी फिरायला गेले की मी ते पुंजके काढून घेते, आतली सरकी बोटांनी चाचपते आणि हात पदराला पुसून घरी येते. त्या कापसाचं पुढे काही करत नाही. या वयात एवढा चाळा चालायचा.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत विमलअक्काचा नातू माझ्याकडे राहायला होता. विमलअक्का ही माझी थोरली बहीण. पोरगा गोड आहे, पण सुट्टीभर तो टीव्हीवरच्या, घट्ट कपड्यांतल्या आणि भिंती फोडणाऱ्या एका वीराच्या मागे लागलेला. मी एकदा बाजूला बसले. वीर मेला. मला वाईट वाटलं, मी डोळ्याला पदर लावला. दुसऱ्या दिवशी बघते तर तोच वीर पुन्हा भिंती फोडतोय.

"अरे, हा काल मेला ना?"

"हा दुसऱ्या विश्वातला आहे, मावशीआजी."

"आणि ही गोष्ट संपते कधी?"

त्यानं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "ही संपत नसते. चालूच असते."

मला रागच आला. कोणाचा ते सांगता यायचं नाही, पोराचा तर नाहीच. माझा डोळा ओला करून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी म्हणायचं की तसं काही झालंच नाही, ही काय रीत झाली? मी उठून स्वयंपाकघरात गेले, भाजी चिरायला घेतली, आणि चिरता चिरता मला लोखंड्या आठवला. आठवला म्हणजे त्याच्या मागोमाग सगळा तो हंगामच आला, दवानं भिजलेली पऱ्हाटी, सुजलेली बोटं, ओढ्याकाठची बाभूळ आणि काकुळतीला आलेले आमचे वडील, बापू.

सत्तर ते ऐंशीच्या मधली ती वर्षं. दुष्काळ मागे पडला होता, पण त्याची धास्ती घरातून गेली नव्हती. आमचं गाव जऊळका स्टेशनपासून थोडं आत. शेत जेमतेम, त्यातला ओढ्याकाठचा तुकडा तेवढा काळाभोर आणि कसदार. त्या साली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, कधी नव्हे ती कमरेच्या वर गेली आणि बोंडांनी लगडली. माझी मॅट्रिक व्हायची होती. अक्काची झाली होती, तीही चांगल्या मार्कांनी. तिला मास्तरीण व्हायचं होतं आणि त्यासाठी वाशिमला जाऊन शिकायचं होतं. बापूंनी एकदा जेवताना, भाकरी मोडता मोडता, सगळ्यांच्या देखत सांगून टाकलं, "या सालचा कापूस धड घरात आला तं विमल वाशिमले जाईन. नायी आला तं केनवडच्या पाव्हन्याइले हो म्हनतो."

केनवडचा मुलगा वाईट नव्हता. शेती होती, घर चांगलं होतं. पण अक्काला त्याचं नाव काढलं तरी घास गिळेनासा व्हायचा. त्या जेवणापासून आम्ही दोघी पऱ्हाटीकडे निराळ्या नजरेनं बघायला लागलो. एखादं बोंड किडकं निघालं की अक्का ते तोडून लांब भिरकवायची.

कापूस वेचण्याचं काम दिसतं तेवढं सोपं नाही. दव उडाल्याशिवाय हात लावायचा नाही. ऊन जरा चढलं की प्रत्येकीनं आपली पात धरायची, म्हणजे आपली ओळ, आणि लुगड्याची ओटी करून पुढे सरकत जायचं. उमललेल्या बोंडाची टोकं वाळून टणक झालेली असतात. ती नखांच्या कडेला टोचतात, आणि चार दिवसांनी मिठाचा हात लागला तरी डोळ्यांत पाणी येतं. पण पाची बोटांनी एका झटक्यात बोंड रिकामं होऊन निघतं तेव्हाचं सुख मला अजून दुसऱ्या कुठल्या कामात मिळालेलं नाही. मागे वळून पाहावं तर आपली पात हिरवी-तांबडी झालेली आणि पुढची अजून पांढरी. काम किती झालं हे कोणाला विचारावं लागत नाही.

पहिल्या वेचणीच्या दिवशी आमच्या भागात सीतादही करतात. शेताच्या कोपऱ्यात पऱ्हाटीखाली दहीभात ठेवायचा, हळदकुंकू वाहायचं, मग बायांनी कापसाला हात लावायचा. पण बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरातल्या पूजा बंद झाल्या होत्या आणि बापू त्या बाबतीत भारी कडक. वेचायला येणाऱ्या बाया मात्र नाना घरच्या. काही आमच्या वस्तीतल्या, काही तांड्यावरच्या, काही गावातल्या हिंदू शेतकऱ्यांच्या घरातल्या. त्यांची पुढारी गंगूमाय. तिला कोणी पुढारी केलेलं नव्हतं, पण ती उठली की सगळ्या उठायच्या.

तर त्या सकाळी बाया धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, येऊन थांबल्या. पुढे काही सरकेनात.

"पूजा नायी," बापू म्हणाले. "दहीभात केला हाय, पोटभर खा. कापसाले काय समजते?"

"कापसाले नायी समजत, पन हाताले समजते ना," गंगूमाय म्हणाली. "बरं, पूजा ऱ्हाऊ द्या. कहानी तं पायजे का नायी? कहानी आयकल्याबिगर हात कसा लावाचा?"

बापूंकडे कहाणी कुठली असायला? त्यांनी मायकडे पाहिलं, मायनं आभाळाकडे पाहिलं. तेवढ्यात अक्का म्हणाली, "माह्याजोळ हाय कहानी." आणि तिनं भाकरीच्या फडक्याखालून सुतळीनं बांधलेला एक गठ्ठा काढला.

तो गठ्ठा आमच्या मामांनी आणून दिला होता. मामा जऊळका स्टेशनावर रेल्वेत खलाशी होते. अकोल्याच्या स्टेशनावरच्या कुणा पुस्तकवाल्याशी त्यांची ओळख होती. न खपलेल्या अंकांचं वरचं पान फाडून तो कंपनीला परत पाठवायचा आणि उरलेला अंक रद्दीत घालायचा. त्या रद्दीतून मामांनी अक्कासाठी सहा चित्रकथा उचलल्या. पातळ अंक, मुखपृष्ठ नसलेले, कोळशाचा आणि रंगाच्या तेलाचा वास येणारे. छपाई अशी की ओठांचा लाल रंग ओठ सोडून गालावर गेलेला. पण गोष्ट पूर्ण होती. पहिल्या अंकात सुरू झालेली, सहाव्यात संपलेली, आणि शेवटच्या पानावर चौकटीत मोठ्या अक्षरांत 'समाप्त'.

त्या गोष्टीच्या वीराचं छापील नाव लोहपंख. गंगूमायनं पहिल्याच दिवशी त्याचं लोखंड्या करून टाकलं आणि मग तेच राहिलं. लोखंड्या हा समुद्राकाठच्या एका नगरातल्या लोहाराकडे भाता ओढणारा गडी. नगराच्या राजाला आवाज सहन होत नसे, म्हणून त्यानं सगळ्या घंटा बांधून टाकलेल्या. भरतीचा इशारा देणारी मनोऱ्यावरची मोठी घंटासुद्धा. ती वाजत नाही म्हणून दर उधाणाला माणसं वाहून जायची. मनोऱ्याच्या जिन्यावर राजाचा पहारा. तेव्हा म्हातारा लोहार मरता मरता लोखंड्यासाठी लोखंडी पंख घडवतो, आणि सांगतो की यात सहाच पिसं बसली आहेत. एका उड्डाणाला एक पीस गळणार. सहावं गळलं की तू पुन्हा जमिनीवरचा माणूस.

झालं. एवढीच गोष्ट. एक नगर, एक राजा, एक घंटा, सहा पिसं.

चित्रकथा आणि नुसती कहाणी यांत एक फरक आहे, तो मला त्या बाभळीखाली कळला. कहाणी लांब बसूनही ऐकता येते. चित्र मात्र जवळ येऊनच बघावं लागतं. आमच्या शेतात दुपारची भाकरी वेगवेगळ्या घोळक्यांत खाल्ली जायची. कोण कोणाच्या हातचं खातं, कोण खात नाही, हे सगळ्यांना पाठ होतं आणि त्यावर कोणी बोलायचं नाही. गंगूमाय आमच्या दहीभाताला हात लावत नसे. ती आपली भाकरी आपल्या फडक्यावर घेऊन बाभळीच्या पलीकडे बसे. पण त्या सकाळी अक्कानं पहिलं पान उघडलं आणि म्हणाली, "हे पाहा पंख," तेव्हा आधी तांड्यावरची सोनी उठून आली, मग दोघी-तिघी, आणि शेवटी गंगूमाय. चौकट केवढी, तळहाताएवढी. त्यावर सगळ्या जणींची डोकी जमली. कोणाच्या डोक्याला कोणाचं डोकं लागलं हे बघायला त्या वेळी कोणाला सवड नव्हती.

"समुद्र म्हंजे केवढा व?" सोनीनं विचारलं.

"पल्याडचा काठ दिसत नायी एवढा," अक्का म्हणाली. तिनं तरी कुठे पाहिला होता!

"अन् पोयाच्या दिवशी बैलाच्या गयातल्या घंटा बी बांधल्या असतीन का त्या राजानं?"

"बांधल्या असतीन."

"मंग मेला पायजे तो," सोनी म्हणाली आणि वेचायला उठली.

मी पुढच्या आयुष्यात खूप वाचलं. लांबलचक कादंबऱ्या वाचल्या आणि त्यांत महिनोन्‌महिने सुखानं राहिले. त्यांच्यावर माझा राग नाही. शेजाऱ्याच्या घरी रोज जाऊन बसावं तसं एखाद्या लांब गोष्टीत जाऊन बसता येतं, तिथे आज काही झालं नाही तरी चालतं. पण वीराची गोष्ट निराळी असते, असं मला वाटतं. वीराला काहीतरी एक करायचं असतं. ते केलं की त्याचं आपल्याकडे काम उरत नाही आणि आपलं त्याच्याकडे. लोखंड्याच्या पिसांची बाया ज्या काळजीनं वाट बघायच्या ती मला आजही दिसते. दुसऱ्या अंकात त्यानं वाहून जाणाऱ्या एका बाईला वाचवायला पीस घातलं, तेव्हा सगळ्या हळहळल्या आणि लगेच म्हणाल्याही की घालायलाच पाहिजे होतं. तिसऱ्यात त्यानं नुसत्या रागाच्या भरात राजाच्या गच्चीवर झेप घेतली आणि हाती काही न लागता परत आला. त्या दिवशी गंगूमाय दुपारभर फणफणत होती. "मेल्यानं वाया घालवलं व पीस!" पिसं शंभर असती तर तिला एवढा राग आला असता का? पिसं सहाच आहेत हे पहिल्याच पानावर कळलेलं होतं, म्हणून त्यातलं प्रत्येक आमचं स्वतःचं झालं.

वेचणी अशी चालली होती. पहिले चार अंक तर बायांनी कितीतरी दिवस पुन्हा पुन्हा पाहिले. दव, ऊन, पात, भाकरी, लोखंड्या, पुन्हा पात. तुरीला शेंगा धरल्या, सकाळी वाळलेल्या काटक्यांचा शेक घ्यावासा वाटू लागला. ओढ्याकाठचा तुकडा बापूंनी शेवटी ठेवला होता, कारण तिथली बोंडं उशिरा फुटली. पण फुटली ती अशी की लांबून शेत पांढरं दिसायचं. आणि नेमक्या त्याच दिवसांत पश्चिमेकडून ढग यायला लागले. फुटलेल्या कापसावर पाऊस पडला की त्याची कवडी होते. पिवळा, डागी, कोणी हातात धरत नाही असा कापूस.

त्याच वेळी वरच्या मळ्यावाल्यांचा कापूसही फुटला. ते बायांना न्यायला-आणायला बैलगाडी पाठवत. आमच्याकडे यायचं तर पायी, तेही ओढा ओलांडून. एक दिवस गंगूमाय हसत हसत बापूंना म्हणाली, "लोखंड्या हाय तवर तुमच्याकडेच येतो आमी. मंग पाहू."

ती गंमत करत होती. पण बापूंच्या काळजात ते जाऊन बसलं. अक्काच्या गठ्ठ्यात वाचायचे दोनच अंक उरलेत हे त्यांनी पाहिलं होतं. संध्याकाळी गाठोडी बांधताना ते तिला हळूच म्हणाले, "विमल, थोडं लांबव ना व ते. तुले येते तसं. ओढ्याकाठचं होऊ दे."

अक्कानं गाठोड्याची गाठ आवळली. पण दुसऱ्या दिवशी तिनं पाचवा अंक उघडला, दोन पानं सरळ वाचली, आणि तिसऱ्या पानाशी तिचा आवाज बदलला. लोखंड्या नगर सोडून एका बेटावर गेला. बेटावर एक राजकन्या होती. राजकन्येची घोडी हरवली होती. ती शोधायला तो एका जंगलात शिरला, जंगलात एक म्हातारी होती, म्हातारीनं एक कोडं घातलं. सुरुवातीला बाया रंगल्या. घोडीला काय काय खायला घालत असतील यावरही बोलणं झालं. मग हळूहळू एकेक जण गवताच्या काड्या तोडायला लागली. मी अक्काच्या शेजारीच होते. तिच्या कपाळावर घाम आला होता.

"चित्र दाखव ना घोडीचं," सोनी म्हणाली.

अक्कानं अंक फिरवला आणि एक चौकट पुढे केली. चौकटीत लोखंड्या पावसात उभा होता.

"घोडी कोठी हाय याच्यात?"

"ते... झाडामांगं."

"अन् आज पीस काहून नायी गळलं व?" दुसऱ्या एकीनं विचारलं. "बेटावर गेला तं उडूनच गेला असंन ना?"

अक्का पानं मागे-पुढे करायला लागली. मग आमची माय, जी इतका वेळ पाण्याची कळशी घेऊन मागे बसली होती, ती म्हणाली, "पोरी, फरदड कायले घेऊन राह्यली?"

मग आधी सोनी फिसकन हसली आणि मग सगळं बाभूळतळ हसायला लागलं. अक्काही हसली, डोळे पुसत पुसत.

फरदड म्हणजे काय ते शेताबाहेरच्या माणसांना सांगायला हवं. कापसाच्या वेचण्या झाल्या, झाडानं द्यायचं ते दिलं, की पऱ्हाटी उपटून शेत मोकळं करायचं असतं. पण कोणाला लोभ सुटतो. तो त्याच झाडाला पुन्हा पाणी देतो आणि आणखी थोडी बोंडं काढतो. ती फरदड. तिचा धागा तोकडा, बोंड बारीक, आणि तिच्या आधारानं अळी शेतात मुक्काम करते ती पुढच्या पिकालाही लागते. नातवाच्या त्या न संपणाऱ्या वीराचं मला जे खटकलं होतं, ते हेच. पुढचे भाग नुसते पांचट असते तर मी ते सोडून दिले असते. पण त्यांनी मागचाही भाग नासवला. तो खरोखर मेला होता तेव्हा किती शोभत होता!

त्या दुपारी अक्कानं पाचवा अंक पुन्हा उघडला आणि छापला होता तसा वाचला. पीस गळलं. बाया सुस्कारा टाकून उठल्या. संध्याकाळी मात्र घरात वातावरण गरम होतं.

"उद्या शेवटचा वाचीन," अक्का म्हणाली.

"अन् परवा कोन येईन?" बापू म्हणाले. "आभाय पाह्यलं का? ओढ्याकाठचं अर्ध्याच्या वर राह्यलं हाय."

"नायी आलं कोनी तं केनवड हाय ना," अक्का म्हणाली. "पन त्याचं एक पीस मी दाबून ठेवनार नायी, बापू. त्या बाया रोज ओढा ओलांडून येतात."

बापू उठून अंगणात गेले आणि बराच वेळ बैलाच्या पाठीवर हात फिरवत राहिले. मला त्यांचाही राग आला नाही. पोरीला शिकवायचंच होतं म्हणून तर ते पोरीला खोटं बोलायला सांगत होते. मी अक्काशेजारी अंथरुणात पडले, तेव्हा ती जागी होती. मी तिला विचारलं, "भेव वाटते का?" ती म्हणाली, "हो," आणि कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी सहावा अंक. उधाण येतंय, नगर झोपलंय, लोखंड्याकडे एक पीस. मला वाटलं होतं तो राजाला मारेल. बायांनाही तसंच वाटलं होतं, सोनीनं तर कसं मारायचं तेही सुचवून ठेवलं होतं. पण लोखंड्या राजाकडे फिरकलाच नाही. त्यानं ते शेवटचं पीस मनोऱ्यावर चढायला वापरलं आणि घंटा सोडली. एक अख्खं पान नुसत्या घंटेच्या आवाजाचं, मोठी मोठी वेडीवाकडी अक्षरं, पानाबाहेर गेलेली. माणसं उठून टेकडीकडे धावतात, पहारेकरीही आपापल्या लेकरांना उचलायला पळतात. जिना मोकळा होतो. आणि शेवटच्या चौकटीत, शब्द एकही नाही, लोखंड्या मनोऱ्याच्या पायऱ्या उतरतोय. पायी. पाठीवर पंखांचा नुसता सांगाडा. खाली 'समाप्त'.

ओढ्याचं पाणी ऐकू येत होतं. मग गंगूमायनं त्या पायऱ्यांवर बोट ठेवलं.

"पायी आला व माय," ती म्हणाली.

"घरी गेला असंन."

"घर कोठी हाय त्याले? लोहार तं मेला."

"कोनी तरी भाकर देल्ली असंन. एवढ्या लोकाइले वाचोलं, एक भाकर नायी देनार?"

उरलेली दुपार बाया वेचत वेचत हेच बोलत होत्या. त्याला भाकर कोणी दिली, ती वाचवलेली बाई त्याला ओळखेल का, पाठीवर घट्टे पडले असतील का. छापणाऱ्यानं गोष्ट संपवली होती आणि तिथून पुढची जागा आमच्यासाठी मोकळी सोडली होती. ती त्यानंच भरून टाकली असती तर आम्ही काय बोललो असतो? संध्याकाळी बाया गेल्या. 'उद्या येतो' असं त्यांच्यातली एकही म्हणाली नाही, आणि आमच्यातल्या कोणी विचारलं नाही.

सकाळी आभाळ खाली आलं होतं. बापू उजाडायच्या आधीच धुऱ्यावर जाऊन उभे होते. आम्ही तिघी, माय, अक्का आणि मी, पाती धरून वेचायलाही लागलो, कारण दव उडण्याची वाट बघत बसायची त्या दिवशी हिंमत नव्हती. मळ्यावाल्यांच्या गाडीची घुंगरं गावातून वर जाताना ऐकू आली. अक्कानं मान वर केली नाही. ती भराभरा बोंडं ओढत होती आणि तिच्या नखाच्या कडेतून रक्त येत होतं. आम्हा तिघींच्यानं तो तुकडा चार दिवसांत संपला नसता.

मग ओढ्याकडून बोलणं ऐकू आलं. गंगूमाय पुढे होती. मागे सोनी, मागे रोजच्या सगळ्या, आणि त्यांच्या मागे आणखी कितीतरी. नणंदा, जावा, तांड्यावरची एक नवी नवरी, मळ्यावर जाणाऱ्या दोघी-तिघी. एवढ्या बाया आमच्या शेतात मी कधी पाहिल्या नव्हत्या.

बाया ओटी बांधायच्या आधी बाभळीखाली जाऊन बसल्या. गंगूमायनं रात्री चुलीपाशी बसून घरच्यांना सगळी गोष्ट सांगितली होती, पहिल्या पिसापासून शेवटच्या पायरीपर्यंत, भाकरी भाजून होईपर्यंत ती सांगून झालीसुद्धा होती. तसंच सोनीनं तांड्यावर. आता ज्यांनी ऐकली होती त्यांना चित्रं बघायची होती.

"विमल, आन तो गठ्ठा," गंगूमाय म्हणाली. "याइले पह्यल्यापासून दाखव. एक अंक आता, बाकीचे पाती झाल्यावर."

बापूंना राहवलं नाही. "अवो, पन संपली ना ते काल?"

गंगूमायनं त्यांच्याकडे असं पाहिलं की यांना काही म्हणजे काहीच कसं कळत नाही.

"संपली म्हून तं!"

अक्कानं सुतळी सोडली. तिची बोटं रक्तानं आणि कापसानं माखलेली होती, म्हणून पानं मी उलटली. "पिसं किती?" तिनं विचारलं, आणि जुन्या बायांनी नव्यांकडे बघत एका आवाजात उत्तर दिलं. दुपारी मायनं पुन्हा दहीभात आणला होता. गंगूमाय आपलं फडकं घेऊन उठली, बाभळीच्या अलीकडे आली आणि अक्कापुढे ओंजळ केली. "कहानी सुफळ झाली," ती म्हणाली. "आता वाढ." अक्कानं वाढलं.

दुसऱ्या दिवशी दिवस मावळायच्या आत ओढ्याकाठचं शेवटचं बोंड गाठोड्यात आलं, आणि त्यानंतर पाऊस आला. रिकाम्या पऱ्हाट्यांवर पडला, पडू दे म्हटलं. बापूंनी आठवड्याभरात सगळ्या पऱ्हाट्या उपटून शेत मोकळं केलं.

जूनमध्ये आम्ही अक्काला जऊळक्याच्या स्टेशनावर वाशिमच्या गाडीत बसवायला गेलो. गंगूमायही आली होती. अक्कानं तो सुतळीचा गठ्ठा तिच्या हातात दिला. गंगूमायला अक्षर वाचता येत नव्हतं, फक्त 'समाप्त' तेवढं ओळखू यायचं. तिनं सहावा अंक काढून शेवटचं पान उघडलं, ते अक्षर आहे ना हे पाहिलं आणि गठ्ठा कमरेला खोचला. गाडी हलायला लागली तेव्हा तिनं पदराआडून एक पितळी डबा काढून खिडकीतून आत दिला.

"पह्यली वेचनी हाय तुही," ती अक्काला म्हणाली.

डब्यात दहीभात होता.